दीड पेराची फौज

चाचांच्या डाव्या अंगठ्याचं नख रोज वेगळ्या रंगाचं असे, आणि मला त्याचाही संशय येई. कधी हळदीसारखं पिवळं, कधी विटकरी, कधी नुसतं मातकट पांढरं. छापखाना चालवणाऱ्याची बोटं काळी असणार, हे मला मान्य होतं. तिथं जाऊन जाऊन माझीही झाली होती. पण नख पिवळं कशानं? मी तेव्हा बावीस वर्षांची होते. जे मला समजत नाही ते कुणीतरी मुद्दाम लपवून ठेवलेलं आहे, अशी माझी पक्की समजूत होती, आणि त्या समजुतीवर मी बरीच पत्रकं लिहिली.

सगळं यवतमाळ त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणते. त्यांचे वडील दारव्ह्याला भांड्यांना कलई करायचे. हे लहानपणीच छापखान्यात शिरले आणि साठीला आले तेव्हा एका खोलीचा, एका मशीनचा छापखाना त्यांचा स्वतःचा झालेला होता. पायानं चालवायचं ते मशीन. त्यावर लग्नपत्रिका निघत, बाभुळगावच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका निघत, कापसाच्या जिनमधल्या हजेरीची कार्डं निघत, आणि त्याच जिनच्या मालकाला झोडपणारी आमची पत्रकंही निघत. हे शेवटचे दोन जिन्नस एकाच मशीनवर निघतात ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नसे.

महाराष्ट्र होऊन वर्ष झालं होतं. गावात कमानी उभारून झाल्या, भाषणं होऊन गेली. जिनच्या दाराला मात्र पाळी सुरू झाली की बाहेरून कुलूप लागायचं ते लागतच होतं. आत बाया सरकी काढायच्या रेच्यात कापूस घालत बसलेल्या, त्यांची तान्ही पोरं गंजीच्या कडेला निजवलेली, आणि किल्ली फाटकावरच्या जमादाराच्या कमरेला. एक ठिणगी पडली तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या कुलपाविरुद्ध आमची पाच जणांची समिती उभी होती. मजकूर मी लिहायची. वडील कोर्टात कारकून होते, त्यामुळे अर्ज-विनंत्यांची भाषा घरात ऐकून ऐकून मला तिचा वीट आला होता. मी विनंती कुठंच करत नसे. मी ‘जाब’ विचारत असे.

आता कपाटाबद्दल. छापखान्याच्या मागच्या भिंतीला एक काचेचं कपाट होतं आणि त्यात फौज होती. दीड पेर उंचीचे शिपाई, घोडेस्वार, तोडेदार बंदुका खांद्यावर टाकलेले पायदळवाले, पाण्याची पखाल घेतलेला भिस्ती, बैलांवर धान्य लादून फौजेमागं चाललेले बंजारे आणि त्यांच्या बाया. छपाईचे शिशाचे खिळे झिजून निकामी झाले की चाचा ते वितळवत, मातीच्या साच्यात ओतत, आणि मग महिना महिना एकेक शिपाई रंगवत बसत. फौज कुठली, तर सव्वादोनशे-अडीचशे वर्षांमागची. वऱ्हाडात निजाम आणि मराठे एकाच गावाकडून दोघंही वसूल घेत, त्या दोअमलीच्या वेळची. त्याच्या अलीकडचा एकही माणूस त्या कपाटात नव्हता.

“पुढच्या काळातले का करत नाही?” मी एकदा विचारलं.

“पुढं कोट आले न बेटा. साऱ्यायले एकच कोट, एकच बटन, एकच टोपी. एक रंगवला का हजार रंगवले. सारखं काढायले हे आहे न माह्याजवळ.” त्यांनी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला. “हे लोक घरचे कपडे घालून लढाईले जात. ज्याच्या घरी जसं मुंडासं रंगवलं तसं त्याच्या डोक्यावर.”

“यातले मराठ्यांचे कोणते आणि निजामाचे कोणते?”

“अंगरख्याची गाठ पाह्य. उजवीकडं बांधली तो मुसलमान, डावीकडं बांधली तो हिंदू. तेव्हाची रीत होती.”

“म्हणजे उजवीकडचे निजामाचे.”

“काहून? निजामाकडं डावीकडचे होते, मराठ्यायकडं उजवीकडचे होते. जिकडं भाकर भेटली तिकडं.”

“मग ओळखायचे कसे?”

“तुले कायले ओळखायचे आहे? तुले लढायचं आहे का त्यायच्याशी?”

हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही. आमच्या समितीत एक वाक्य ठरलेलं होतं: जो कुठल्याच बाजूचा नाही, तो मालकाच्या बाजूचा. कपाटासमोर उभी राहून मला ते वाक्य आठवलं.

त्यांची रंगवायची तऱ्हा अशी, की आधी माणूस उघडा रंगवायचा. सगळं अंग, पोटऱ्या, छाती, पाठ, तळपाय सुद्धा. ते वाळलं की वरून कपडे चढवायचे, आतला आधी, बाहेरचा नंतर, आपण सकाळी चढवतो त्याच क्रमानं. ढाल चिकटवायची सगळ्यात शेवटी. एकदा एका शिपायाच्या डाव्या मनगटावर ते गोंदण काढत होते, खारीच्या शेपटीच्या चार केसांचा कुंचला करून. मी म्हटलं, “याच्यावर तर ढाल येणार. हा हात कोण बघणार?”

“त्याच्या बायकोनं पाह्यला असंल,” चाचा म्हणाले आणि कामाला लागले.

पांढऱ्या रंगासाठी त्यांना बाजारातला सफेदा चालत नसे. मुकुटबनकडून एक कोलाम म्हातारा घरं पोतारायची पांढरी माती विकायला येई. चाचा त्याच्याकडून ओंजळभर घेत, मलमलच्या फडक्यातून गाळत, बाभळीच्या डिंकात घोटत. “धुतलेला कपडा चुन्यासारखा नसते बेटा. विहिरीच्या पाण्यात धुतला का असा होते,” म्हणून अंगठ्याचं नख पुढं करत. नखावर रंग लावून बघायचा, उन्हात धरायचा, मग शिपायाला लावायचा, अशी रीत. नखाचं कोडं एवढंच होतं. पण कोडं सुटल्यानं माझा संशय गेला नाही. तो दुसरीकडं सरकला.

कारण फौजेपायी आमची पत्रकं रखडत. एकदा दोन दिवस उशीर झाला. मी संतापून गेले तर ज्या फरशीवर पानं बांधायची त्या फरशीवर सात घोडे वाळत ठेवलेले.

“चाचा, आमची लढाई चालू आहे.”

“माहीही चालूच आहे. हे घोडे वाळू दे, मंग तुही.”

दुसरं कारण, त्यांची नजर. चाचा माणसाकडं बघत ते त्याच्या तोंडाकडं बघत नसत. खांद्याकडं, कमरेकडं, पायाकडं बघत. रस्त्यानं कुणी जात असलं तर खिळे जुळवता जुळवता उठून दारात जात. मला सुद्धा एकदा, मी कागदाचे गठ्ठे उचलून निघाले होते, म्हणाले, “थांब. तशीच थांब थोडी.” मी थांबले नाही. आणि मग ती वही. लांबट, बांधीव, पेन्सिल सुतळीनं बांधलेली. काही बघितलं की दोन ओळी लिहायच्या, आणि कुणी जवळ आलं की वही मिटून खिळ्यांच्या खणात सरकवायची.

आमच्या बैठका छापखान्यामागच्या निंबाखाली होत. जिनमधले सहा-सात जण पाळी सुटली की तिथं येत. हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणजे आम्ही तसं धरून चाललो होतो. एका आठवड्यात त्यातल्या दोघांना मालकानं कामावरून काढलं. एक महादेव, डाव्या पायानं लंगडणारा हमाल. दुसरी एक बाई, जी बैठकीत सगळ्यात जास्त बोलायची. नेमके हेच दोघं. बाहेर बोललं कोण?

नंतरच्या सोमवारी चाचा नमाजाला गेले होते आणि मी एकटी होते. खण उघडला, वही काढली. याची लाज मला तेव्हा वाटली नाही, पुढं वाटली, ते वेगळं. वहीत लिहिलं होतं: “सोमवार, पाळी सुटल्यावर. सहा जण. एक लंगडा, डावा पाय ओढतो, ओझं उजव्या खांद्यावर म्हणून मान डावीकडं. मुंडासं लाल, एक टोक मोकळं. बाई उंच, पदर कमरेला खोचलेला, बोलताना उजवा हात पुढं, बोटं मिटलेली.” पुढच्या पानावर पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या सोमवारचं. आणखी पुढं माझंही होतं: “पोरगी. गठ्ठा छातीशी. पायात चपला असून अनवाणी असल्यासारखी चालते.”

मला आणखी काही बघायची गरज वाटली नाही. वार, वेळ, ओळखायच्या खुणा. खबऱ्याची वही याहून वेगळी कशी असते?

समितीत मी वाचलं ते सांगितलं.  मग ठरलं, पत्रक काढायचं. छापायचं कुठं? यवतमाळात दुसरा छापखाना होता तो जिनच्या मालकाच्या मेहुण्याचा. तिथं आम्हाला दारात उभं केलं नसतं. मी म्हटलं, यांच्याकडंच छापू. समोरासमोर सांगायचं हे माझं तत्त्व होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं तोंड बघायचं होतं.

मी मजकूर त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी चष्मा लावला. उभ्यानं वाचला. सुरुवात ‘कामगार बंधू-भगिनींनो, सावध’ अशी होती. जिनच्या मालकाचे कान आपल्याच छापखान्यात बसले आहेत, शिशाचे शिपाई रंगवण्याच्या मिषानं माणसांची टेहळणी चालते, महादेव आणि त्या बाईची भाकरी कुणी तोडली याचा जाब विचारा, असं सगळं. तोंडावर काही दिसलं नाही. दिसलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“ ‘बंधू-भगिनींनो’ दोनदा आलं. एकदा काढू?”

“काढा.”

“अन् हे ‘हेर’ लिहिलं. हेर राजाचा असते. मालकाचा असते तो खबऱ्या. जिनमधल्या लोकायले तोच शब्द कळंल.”

“खबऱ्या करा.”

“पाचशे का हजार?”

“पाचशे. चाचा, तुम्हाला यावर काही बोलायचं नाही?”

ते खणाकडं वळले होते. “बोललो असतो. तू आली तशी बसली असती, विचारलं असतं तं बोललो असतो. तू मजकूर घेऊन आली. मजकूर आला का मी बोलत नाही बेटा. जुळवतो.”

आणि जुळवलं. मी शेजारी उभी राहून बघत होते, एखादं अक्षर मुद्दाम बिघडवतात का म्हणून. एकही बिघडलं नाही. झिजलेला खिळा दिसला की बाजूला टाकून नवा घेत. शेवटी खाली समितीचं नाव आलं, आणि त्याच्याखाली, कायद्यानं लागतं म्हणून, छापणाऱ्याचं नाव आणि पत्ता. स्वतःचं नाव त्यांनी स्वतः जुळवलं, जरा लहान टायपात. पाचशे प्रतींच्या तळाशी माणसाचं म्हणावं असं नाव तेवढं एकच होतं, त्यांचं. माझं कुठंच नव्हतं. तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, किती निगरगट्ट आहे.

पत्रकं वाटली. जिनच्या फाटकावर, कचेरीच्या आवारात, बोरी अरबच्या बाजारात, बाभुळगावला.

आठ-दहा दिवसांनी महादेव घरी आला. पायरीवर बसला. “बाई, तुमी चाच्याबद्दल कायतरी लिवलं म्हनते लोक. वाचून दाखवा बरं.”

मी वाचलं. तो मध्येच हसायला लागला, मग थांबला. माझ्याकडं बघून म्हणाला, “चला माह्यासंगं.”

छापखान्यात चाचा एकटेच होते. महादेव सरळ कपाटाशी गेला आणि काचेवर बोट ठेवलं. मधल्या फळीवर, बंजाऱ्यांच्या बैलांच्या बाजूला, एक हमाल होता. उजव्या खांद्यावर पोतं, मान डावीकडं, डावा पाय ओढलेला, लाल मुंडाशाचं एक टोक मोकळं.

“हा मी,” महादेव म्हणाला. “अन् हे माह्यासंगं कामावरून काढली ते बाई. पाहा हात कसा केला तं. दर सोमवारी पाळी सुटली का पाच मिनिटं उभं राहाचं इथं. बिडी द्यायचे चाचा.”

बैल हाकणारी बंजारीण उंच होती, पदर कमरेला, उजवा हात पुढं, बोटं मिटलेली.

“मला का नाही सांगितलं?” मी महादेवला म्हटलं.

“हसले असते तुमी. मोर्चात चालनारा मानूस आन् बाहुला व्हायले उभा राह्यते म्हनले असते.”

ते मी म्हटलं असतं. मग मी चाचांकडं वळले. तेही म्हणाले नाहीत की बघ, मी सांगत नव्हतो का. ते काहीच सांगत नव्हते. हेच मला त्यांच्यातलं सगळ्यात जास्त झोंबलं.

महादेवचं आणि त्या बाईचं नाव मालकाला कुणी सांगितलं, हे मला अजूनही माहीत नाही. आमच्या पाच जणांपैकी एकाला पुढच्या हंगामात त्याच जिनमध्ये कारकुनी मिळाली. एवढंच लिहिते. याच्यापुढचा पुरावा माझ्याजवळ नाही, आणि पुराव्याशिवाय एकदा लिहून झालं आहे.

तोवर पत्रकानं आपलं काम केलेलं होतं. लग्नपत्रिकावाले मेहुण्याच्या छापखान्यात जाऊ लागले. सगळ्यात मोठा घाव बाभुळगावचा. शाळेच्या प्रश्नपत्रिका म्हणजे गुप्त काम, आणि ज्याला छापील कागदावर खबऱ्या म्हटलं त्याच्या हातात प्रश्नपत्रिका कोण देईल? वर्षाला दोनदा ते काम येई आणि त्याच्यावर छापखाना उभा होता. हेडमास्तरांनी निरोप पाठवला, या खेपेला विचार करून कळवतो.

मी दुसरं पत्रक लिहिलं. आमची चूक झाली, चाचा निर्दोष आहेत, सरळ, कडक. घेऊन गेले.

त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं. “हे मी छापणार नाही.”

“पहिलं छापलंत.”

“त्याच्याखाली माहं नाव होतं तं लोक म्हणाले, पाहा, स्वतःची बदनामी छापते, म्हणजे खरंच असंल. याच्याखाली माहं नाव आलं तं म्हणतीन, पाहा, स्वतःच लिहून घेतलं. नाव तं टाकाच लागते. कायदा आहे.”

मेहुण्याकडं गेले. त्यानं वाचून मिशीत हसत म्हटलं, “पहिलं पुन्हा काढायचं असलं तर सांगा, फुकट काढून देतो.”

मग मी तोंडानं सांगायचं ठरवलं. जिथं जिथं वाटलं तिथं तिथं जायचं, उभं राहायचं, सांगायचं. जिनच्या फाटकावर माणसं हसली, कारण खरं काय ते त्यांना आधीच ठाऊक होतं. बोरी अरबला बाजाराच्या दिवशी मोटारीनं गेले. मिरच्यांच्या ढिगाऱ्यांपाशी एका उलट्या खोक्यावर उभी राहिले आणि पंधरा मिनिटं बोलले. मला बोलता चांगलं येत असे. माणसं जमली. छापखान्याचं नाव घेतलं, पत्रकात काय लिहिलं होतं ते सांगितलं, ते कसं खोटं आहे ते सांगितलं.

खाली उतरले तर मिरच्या विकणारी म्हातारी म्हणाली, “म्हंजे थो मानूस खबऱ्या होता म्हनतं.”

“नव्हता. तेच सांगितलं ना आजी. आम्ही पत्रकात खोटं लिहिलं होतं.”

“कोनतं पत्रक?”

“मागच्या महिन्यात वाटलं होतं ते.”

“थे होय. वाचाले येते कोनाले इथं? तमाखू बांधली त्यात.” तिनं मला खालून वर पाहिलं. “खबऱ्या नव्हता तं मंग सांगाले काहून आली इतक्या दूर? काहीतरी असंल.”

तिच्या भोवतीच्या बायांनी माना हलवल्या. काहीतरी असंल. पत्रकानं बोरी अरबला काहीच केलं नव्हतं. जे केलं ते मी त्या खोक्यावर उभं राहून केलं.

यवतमाळला परत येऊन चाचांना सांगितलं. ते एका स्वाराचे ओठ रंगवत होते. हात थांबवून ऐकून घेतलं. “आता बाजारात नको जाऊ बेटा. ज्यानं वाचलं त्यालेच सांग. तसा एकच आहे. बाभुळगावचा हेडमास्तर.”

म्हणून बाभुळगावला गेले. हेडमास्तर सभ्य माणूस होते. खुर्ची दिली, पाणी दिलं. माझं सगळं ऐकून म्हणाले, “लेखी द्या.”

मी तिथंच त्यांच्या टाकानं लिहून दिलं. अमुक पत्रक मी लिहिलं, त्यातला मजकूर मी शहानिशा न करता लिहिला, तो खोटा आहे. खाली माझी सही, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पत्ता. इतकी पत्रकं लिहिली, पण माझं नाव खाली असलेला हा पहिला कागद.

त्यांनी दोनदा वाचला. समोर माझं पत्रक ठेवलेलं होतं, घड्या पडलेलं. “यावर सही कोणाची नाही.”

“समितीची आहे. लिहिलं मीच.”

“असं तुम्ही म्हणता. रागावू नका, मला संशय घ्यावा लागतो, प्रश्नपत्रिकांचं काम आहे. उद्या कोणी म्हणालं की छापखानेवाल्यानं एका मुलीला पाठवून हे लिहून घेतलं, तर मी काय दाखवू? मूळ पत्रक तुमचंच होतं याला पुरावा काय?”

 आजवर मी कुणालाच पुरावा दाखवला नव्हता, कुणी मागितलाही नव्हता. मग एकदम सुचलं. मजकुराचा कागद. माझ्या हातचं मूळ. छापखानेवाले मूळ कागद ठेवतात, चाचा तर प्रत्येक कामाचा कागद तारेला टोचून ठेवत, वर्षावर्षाचे. तो आणि हा शेजारी ठेवले की अक्षर आंधळ्यालाही ओळखू आलं असतं.

“चार दिवस थांबा,” मी हेडमास्तरांना म्हटलं. ते म्हणाले, चार दिवस थांबता येईल, जास्त नाही. नाही तर काम अमरावतीला द्यावं लागेल.

मोटारीतून उतरले ती तशीच छापखान्यात गेले. “चाचा, त्या पत्रकाचा मूळ कागद द्या.”

“नाही तो.”

“तारेला असेल.”

“तारेले लावलाच नाही. छापून झालं अन् त्याच दिवशी भट्टीत टाकला, खिळ्यायसोबत.”

“का?”

ते कुंचला धुवत होते. पाण्यात तांबडा धागा सुटला आणि विरला. “कोणाचं नाव घेऊन असं छापलं तं खटला होते. पोलीस आले असते तं आधी मजकुराचा कागद मागतला असता. तुहं अक्षर एवढं मोठं, साऱ्या कचेरीले माहीत आहे. तुह्या बापाची नोकरी कोर्टात.”

“पण खटला तुम्हीच करणार ना? तुमच्यावर लिहिलं होतं.”

“मी कायले करतो? पण दुसऱ्या कोणी केला असता तं. मालकानं केला असता. त्याचंही नाव होतं न त्यात.”

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ज्या दिवशी मी त्यांना खबऱ्या म्हटलं, त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी हे केलं, असं ते सांगत होते. खरं असेल? का आता देववत नाही म्हणून सांगतात? का हेडमास्तरांसमोर माझ्या अक्षरातला तो मजकूर पुन्हा कुणी वाचावा हेच त्यांना नको आहे? माझ्या मनात हे आलं. आल्याचं मी लपवत नाही.

“खरंच जाळला?”

“शोध,” चाचा म्हणाले. राग नव्हता आवाजात. त्यांनी स्टूल ओढून स्वार हातात घेतला आणि उन्हाकडं धरला.

आणि मी शोधला. त्यांच्या समोर शोधला. तारेवरचे सगळे कागद एकेक काढले, खिळ्यांचे खण ओढले, फरशीखालचे गठ्ठे उपसले, वही सुद्धा पानापानानं झटकली. ऊन दारातून मागं सरकत रस्त्यावर गेलं तोवर शोधत होते. ते एकदाही म्हणाले नाहीत की पुरे कर.

नव्हता कुठं. चौथ्या दिवशी प्रश्नपत्रिका अमरावतीला गेल्या.